तीन हाका

मोंबासा,
३ नोव्हेंबर १९८१

तुमूताईस सलाम.

अक्षर ओळखलंस की नाही? बारा वर्षांत ते जरा वाकडं झालंय, माणसासारखंच. पाकीट न उघडताच चुलीत घालावं असं तुझ्या मनात येईल, हे मला माहीत आहे. घाल, पण आधी एकदा वाच. चूल काय, नंतरही पेटलेलीच असते.

ताई, मला एकदा घरी यायचंय. सियूला, आपल्या घरी. बंदरावरचं काम मी सोडलं. हलीमा गेल्यापासून मुलगी आणि जावई माझ्यापाशी राहतात. झुहूरा गुणी पोर आहे, मला काही कमी पडू देत नाही. डॉक्टर म्हणतो, हवापालट करा. मी त्याला म्हटलं, मला एकच हवा मानवते, खाडीतल्या तिवरांच्या चिखलाची. तो हसला. म्हातारा गंमत करतोय असं वाटलं त्याला.

तू धक्क्यावर काय बोलली होतीस ते मी विसरलेलो नाही. आईला उपचाराला म्हणून मी इकडे आणलं, ती इथेच गेली आणि इथेच तिला माती दिली. मी एकटा परत आलो, मचव्यातून उतरलोही नव्हतो, आणि तू सगळ्या गावादेखत म्हणालीस, 'आईला नेलंस तशी घेऊन ये, मग माझ्या दारात उभा राहा.' लामूची बोट चार दिवसांनी होती, ताई, आणि दिवस उन्हाचे होते. हे मी तेव्हाच सांगायला आलो होतो. तू पाठ फिरवून गेलीस. आईचे शेवटचे दिवस कसे गेले, ती काय बोलली, हे सगळं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

घर तुझं आहे. आपल्यात घर मुलीचं, मुलगा पाहुणा. म्हणून विचारतो. पाहुणा म्हणून येऊ का?

अथमान

*

सियू,
२२ नोव्हेंबर

अथमानला सलाम.

पत्र चुलीत घातलं नाही. पावसाने लाकडं भिजली होती, म्हणून वाचलं.

हलीमा गेल्याचं कळलं होतं. तेव्हा लिहायला हवं होतं, नाही लिहिलं. चांगली बाई होती. तिच्या हातचे वेलचीचे वडे मला आवडले नव्हते, पण बाई चांगली होती.

गावाचं काय लिहू. गाव फार शांत झालंय. तू होतास तेव्हा पहाटे कोंबडे डोकं उठवायचे, आता कोंबडेसुद्धा आळशी झालेत. मशिदीत नवा बांग देणारा आलाय, त्याचा आवाज डासाएवढा. मी शेजारच्या बी रेहेमाला म्हटलं, त्याला जरा खायला घाला कुणीतरी. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिचंही तेच, तोंडातल्या तोंडात पुटपुटते. नवऱ्याच्या धाकात सगळा जन्म गेला, आता आवाज फुटणार कुठून? पोरं गल्लीतून धावतात ती मांजरासारखी. पूर्वी भरतीचं पाणी धक्क्यावर आपटायचं ते मला खाटेवर ऐकू यायचं. आता समुद्रही थकलाय.

मी चटया विणते. नारळ आहेत, तंबाखूच्या शेताचा वाटा येतो. माझं बरं चाललंय.

आईचं नाव काढलंस. तिची खाट मधल्या खोलीत आहे तशीच आहे, मी रोज पुसते. तिच्या शेवटच्या दिवसांचं तू सांगायला आलास आणि मी ऐकलं नाही, हे तू मला सांगायला नको. बारा वर्षं मला दुसरं काही सुचलेलं नाही. पण म्हणून तुझा अपराध कमी होत नाही.

येऊ का म्हणून विचारतोस. दार आहे तिथेच आहे. दारात उभा राहा, हाक दे. आत घ्यायचं की नाही ते मी तेव्हा बघेन.

तुमू

*

मोंबासा,
९ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र मी वाचलं आणि खूप हसलो. झुहूरा विचारायला लागली, काय झालं? म्हटलं, तुझ्या आत्याने मला शिव्या दिल्यात. ती म्हणाली, मग हसताय कशाला? तिला काय कळणार. बारा वर्षांनी शिवी मिळाली, हे काय थोडं झालं?

गाव शांत झालंय म्हणतेस, पण आपलं बेट कधी गजबजलेलं होतं? ना गाडी, ना वीज. गाढवाच्या टापा आणि बायकांची भांडणं, एवढाच काय तो आवाज. इथे गोरे पाहुणे येतात आणि बंदरावरच्या लोकांना विचारत हिंडतात, शांत बेट कुठे मिळेल, जिथे काही बदललेलं नाही. त्यासाठी पैसे मोजतात. मला हसू येतं. आम्ही त्या शांततेला कंटाळून पळालो आणि हे तिकडे पळतायत. आता मलाही तीच हवी आहे. रात्री इथे झोप लागत नाही, तेव्हा मी डोळे मिटून धक्क्यापासून घरापर्यंत चालत येतो. किल्ल्याची भिंत, मग विहीर, मग आपला ओटा. दाराशी आलो की जाग येते.

तर मी जानेवारीच्या मध्यावर येतो. उत्तरेचा वारा तोवर चांगला स्थिरावलेला असेल. शुक्रवार किंवा त्याच्या मागचा-पुढचा एखादा दिवस धर. दारात उभा राहीन आणि आईने शिकवल्यासारख्या तीन हाका देईन. तिसऱ्या हाकेलाही आतून 'ये' आलं नाही, तर आपल्या रीतीप्रमाणे मागे फिरेन. कारण विचारणार नाही, पुन्हा कधी त्याबद्दल बोलणार नाही. तू 'ये' म्हणालीस तर मात्र आईचं सगळं सांगतो. पहिल्या दिवसापासून. ते माझ्याजवळ तुझं म्हणून ठेवलेलं आहे, दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही.

फार आशा धरत नाही. थोडी धरतो.

अथमान

*

सियू,
२७ डिसेंबर

अथमान,

ये. हाक दे. मग बघू.

चिंचेतला मासा करून ठेवीन असं समजू नकोस. बाजारात मासा आला तर आला. खजूर आणणार असशील तर मोंबासाचा नको, त्यात खडे असतात. आणि छत्री आण. म्हाताऱ्या माणसाला ऊन लागतं.

तुमू

*

लामू,
शनिवार, १६ जानेवारी १९८२

ताईस सलाम.

तुझं उत्तर मिळालं. ठरल्याप्रमाणे मी काही बोलत नाही. माझा राग नाही, हे मात्र खरं धर. तुझ्या जागी मी असतो तर कदाचित मीही हेच केलं असतं.

तब्येतीला जप.

अथमान

*

सियू,
३० जानेवारी

अथमान,

कसलं उत्तर मिळालं तुला? कुणी दिलं? वेड लागलंय का?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते तुझ्याकडे बघून म्हणतात. तुझी चिठ्ठी लामूहून आली. म्हणजे लामूपर्यंत आलास. मोंबासाहून बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतलीस, आणि घर अर्ध्या दिवसावर आलं तेव्हा पाय मागे घेतलास. हेच करायचं होतं तर 'थोडी आशा धरतो' असलं गोड गोड लिहिलंस कशाला? लहानपणीही तू असाच. झाडावर चढायचास आणि नारळ हाताशी आला की रडत खाली उतरायचास.

मी काय केलं ते ऐक, म्हणजे तुला लाज वाटेल. बुधवारी घर झाडून घेतलं. गुरुवारी आईच्या खाटेला नवी दोरी भरून घेतली. शुक्रवारी सकाळी मासा आला, मोठा, लाल. नारळाच्या रसातला भात करायला घेतला. जुम्म्याची नमाज सुटली की गावची माणसं तुला मशिदीतून मिरवत घरी आणतील, पाहुण्याला आणतात तशी, म्हणून लिंबाचं सरबत करून ठेवलं. नवा झगा घातला. नमाज सुटली. मी दार उघडून ओट्यावर जाऊन उभी राहिले. माणसं आली, मला सलाम केला आणि आपापल्या घरी गेली. शनिवारी पुन्हा रांधलं. रविवारी पुन्हा. सोमवारी बी रेहेमाची मांजर माझ्याकडे दयेने बघायला लागली.

एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता. आईला नेलंस तेव्हासुद्धा नाही.

पण मी एक विचारते, आणि हे शेवटचं. का आला नाहीस?

तुमू

*

मोंबासा,
१४ फेब्रुवारी

ताई,

थट्टेलाही एक हद्द असते. बोलणार नाही असं मी कबूल केलं होतं, पण तू 'का आला नाहीस' म्हणून विचारलंस, तेव्हा आता बोलतो. अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

मी आलो होतो. शुक्रवार मी मुद्दाम धरला, आणि वेळही नमाजाची. त्या वेळी गल्ल्या ओस असतात. तू आत घेतलं नाहीस तर ते गावाने बघू नये, एवढंच मनात होतं. तुलाही कुणी नावं ठेवायला नकोत आणि मलाही. म्हणून मशिदीत गेलो नाही. आपल्या शेब्वाना नाखव्याच्या मचव्यातूनही आलो नाही, तो सगळ्यांना सांगत सुटला असता. लामूचा एक अनोळखी तांडेल ठरवला. खाडीचं पाणी उतरायला लागलं होतं. तो म्हणाला, लवकर परत या, नाहीतर चिखलात रुतून बसू. मी म्हटलं, मी परत येणारच नाही, थोडा वेळ थांब आणि खुशाल जा.

वाटेत फक्त बी रेहेमा दिसली. लांबून पाहिलं तिने आणि तोंडावर पदर ओढून घेतला. ओळखलं नाही. मी बराच वाळलोय.

दार लोटलेलं होतं. ओट्याला हात लावला, तो ओला होता, नुकताच धुतलेला. आतून खवणीचा आवाज येत होता. आईचीच ती खवणी, तिचा एक पाय आखूड आहे, खोबरं खवलं की टकटक करते. मी पहिली हाक दिली. खवणी चालू. वाटलं, आवाज नीट फुटला नसेल. दुसरी जोरात दिली. खवणी चालूच. तिसरी हाक मी तुझं नाव घेऊन दिली, लहानपणी विहिरीत पडलो होतो तेव्हा दिली होती तशी. आणि खवणी थांबली.

ताई, मी वहाणा काढल्या. म्हटलं, उठली. आता येईल.

मग खवणी पुन्हा सुरू झाली.

दार ढकललं असतं तर उघडलं असतं, कडी नव्हती. पण तीन हाकांनंतर दुसऱ्याचं दार ढकलून चोर आत जातो. आईने हे आपल्याला मारून शिकवलंय. मी वहाणा घातल्या. तांडेल अजून होता.

लामूला मशिदीच्या मुसाफिरखान्यात चार दिवस पडून राहिलो. लगेच घरी गेलो असतो तर पोरांनी विचारलं असतं, इतक्यात कसे आलात? काय सांगणार होतो?

नाही म्हणायचा तुला हक्क होता. पण नाही म्हणून वर 'मी वाट बघत होते, मासा रांधला होता' असं लिहिणं, हे तुला शोभत नाही. तू कडू होतीस, खोटी कधीच नव्हतीस.

पुन्हा येणं होणार नाही. आता लिहिणंही होईलसं वाटत नाही.

अथमान

*

सियू,
२६ फेब्रुवारी

अथमान, माझ्या बाळा,

मी बहिरी झाले आहे.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तीन वर्षं झाली. आधी डावा कान गेला, मग उजवा. कोंबडे आळशी नाहीत, बांग देणाऱ्याचा गळा चांगला खणखणीत आहे म्हणतात, समुद्र धक्क्यावर आपटतोच आहे. मलाच काही ऐकू येत नाही. मी माणसांच्या ओठांकडे बघते, अंदाजाने हो म्हणते, नाहीतर तिरसटासारखी निघून जाते. लोकांना वाटतं, तुमू आधीच खडूस होती, आता म्हातारपणी जास्त झाली. ते मला चाललं. एकटी बाई, त्यात बहिरी, असं एकदा झालं की लोक कीव करायला लागतात, घरात शिरून भांडी हलवायला लागतात. ते मला सोसवलं नसतं.

एरवी मी पुढचं दार सताड उघडं ठेवते. कुणी आलं की त्याची सावली आतल्या जमिनीवर पडते, ती दिसते. मग मी 'या' म्हणते. गावात कुणाला कळलेलं नाही इतकं मला ते जमतं. त्या दिवशी तुझ्यासाठी ओटा आणि माजघर धुतलं होतं. बकऱ्या पाय उमटवतील म्हणून दार लोटून घेतलं. आणि मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून तुझ्याच भाताला खोबरं खवत बसले.

खवणी थांबली ती एक वाटी संपली म्हणून. दुसरी घेतली. एवढंच, अथमान. दुसरी वाटी घेतली.

ती खवणी टकटक करते हे मी विसरूनच गेले होते.

पाहुणा मशिदीतून चार माणसांबरोबर येतो, सारा जन्म हेच पाहिलं. तू एकटा, चोरून येशील, माझी अब्रू झाकायला येशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. बी रेहेमाला काल मी खांदे धरून विचारलं. ती म्हणाली, हो, एक वाळका म्हातारा दिसला होता, जाताना विहिरीपाशी थोडा वेळ बसला होता. तू विहिरीपाशी बसला होतास. माझ्या घरापासून दगड टाकला तर तिथे पडेल.

पहिल्याच पत्रात लिहिलं असतं की मला ऐकू येत नाही, तर एका ओळीत काम झालं असतं. त्याऐवजी 'हाक दे, मग बघू' असा तोरा मिरवला. नाकापेक्षा मोती जड झाला आणि आता नाकही गेलं. मी जेवत नाही. रात्र झाली की मी उठून दार उघडते आणि बघते. कुणी नसतं, तरी बघते.

तू पुन्हा ये. रागावलेला असलास तर रागातच ये. शेब्वानाला मी सांगितलंय, पुढच्या खेपेला लामूला दोन दिवस जास्त थांब म्हणून. हाक देऊ नकोस, रीत गेली खड्ड्यात. सरळ आत ये आणि माझा दंड धर. आणि येणं होत नसेल तर तसं कळव. मी आयुष्यात बेट सोडलेलं नाही, पण मी येते मोंबासाला. तू नुसतं 'ये' म्हण.

तुझी तुमू

*

मोंबासा,
१५ मार्च

आत्यांना सलाम.

मी झुहूरा, अथमान यांची मुलगी. आपण कधी भेटलो नाही. पहिलं पत्र अशा कामासाठी लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

बाबा २ मार्चला पहाटे गेले. पोटात गाठ होती. दोन वर्षं होती. तुम्हाला कळवू का म्हणून मी कितीदा विचारलं. ते म्हणायचे, तिला कळलं तर ती मला दयेने आत घेईल, मला तसं आत जायचं नाही. आजीच्या कबरीशेजारीच जागा मिळाली.

आत्या, मला तुमचे आभार मानायचे आहेत. ते सियूहून परत आले तेव्हा फार थकले होते, पण त्या चार दिवसांचं सांगताना त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा. शेवटी शेवटी रोज संध्याकाळी आम्हाला खाटेभोवती बसवून तेच सांगायचे. पहिल्याच हाकेला तुम्ही कशा धावत आलात, पायात चप्पलसुद्धा नव्हती. हात खोबऱ्याने माखलेले होते आणि तसेच तुम्ही त्यांच्या गळ्यात टाकलेत. चिंचेतला मासा केला होतात, त्यात मीठ जास्त झालं होतं, पण सांगायची छाती झाली नाही म्हणे. मग सगळे हसायचे. रात्री ते आजीच्या खाटेवर झोपले. आणि आजीच्या शेवटच्या दिवसांचं सगळं त्यांनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही मध्ये एक शब्द न बोलता ऐकून घेतलंत, आणि शेवटी त्यांच्या डोक्यावर हात ठेवलात.

माझ्या मुलांना हे तोंडपाठ झालंय. धाकटा विचारतो, आपण कधी जायचं?

बाबांचं दुखणं फार वाईट होतं. ते सोसून शांतपणे गेले, ते तुमच्या त्या चार दिवसांच्या बळावर. हे मी कधी विसरणार नाही.

एक विचारायचं आहे. तुमची पत्रं ते वाचून लगेच फाडून टाकायचे. बहीण-भावाचं भांडण आहे, तुम्हाला काय करायचंय, म्हणायचे. तुमचं शेवटचं पत्र ते गेल्यानंतर आठ दिवसांनी आलं. मी उघडलेलं नाही. दुसऱ्याचं पत्र उघडू नये, हे त्यांनीच शिकवलंय. पण पाकीट जाड आहे, आणि त्यांच्यासाठी तुम्ही काय लिहिलं असेल ते वाचावंसं फार वाटतं. उघडू का? तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमची,
झुहूरा

*

सियू,
४ एप्रिल

झुहूराला सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

आपण अल्लाचे आणि त्याच्याचकडे परत जाणारे. पत्र शेब्वानाने आणून दिलं. दोन दिवस मी पुन्हा पुन्हा वाचलं. नीट लिहितेस. अक्षर त्याच्यासारखं आहे, वाकडं व्हायच्या आधी होतं तसं.

तुझ्या बाबांनी सांगितलं ते सगळं खरं आहे. पहिल्याच हाकेला मी धावले. चप्पल नव्हती. हात खोबऱ्याने माखले होते, त्याचा चांगला सदरा मी खराब केला. माशात मीठ जास्त झालं होतं हे त्याने मला तेव्हाच सांगायला हवं होतं, मी दुसरा केला असता. घरात मासा भरपूर होता.

चार दिवस तो इथे राहिला. ओट्यावर बसायचा. सकाळी उठायला उशीर करायचा, मी चिडायचे. खजूर आणला होता, त्यात खडे होते. छत्री आणली नव्हती. जायच्या दिवशी मी धक्क्यापर्यंत गेले आणि मचवा तिवरांच्या आड जाईपर्यंत उभी राहिले. मुलांना हेही सांग, हे त्याने सांगितलं नसेल. तो पाठमोरा होता, त्याला दिसलं नसेल.

पत्र उघडू नकोस. त्यात काही नाही. तो गेल्यावर म्हातारीने केलेली कटकट आहे, नीट जेवला नाहीस, अंगावर मांस नाही, अशी. ती वाचून तू काय करणार. तो फाडायचा तसं फाडून टाक. फाडलंस की मला तसं कळव, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर येईल.

मुलांना घेऊन ये. एक मात्र आधीच सांगते. मला ऐकू येत नाही. अजिबात येत नाही. मी गावात आता सगळ्यांना सांगून टाकलंय. दारात हाका देत उभी राहू नकोस, सरळ आत ये. तुझ्या बाबांनाही माझ्याशी ओरडून बोलावं लागलं, बिचाऱ्याचा घसा बसला.

त्यामुळेच तुला एक काम सांगते. आईच्या शेवटच्या दिवसांचं त्याने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, हे खरं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, हेही खरं. पण मला त्यातलं काही ऐकू आलं नाही, पोरी. मी त्याच्या ओठांकडे बघत राहिले आणि मान हलवत राहिले. तो इतक्या मनापासून सांगत होता की पुन्हा सांग म्हणायचा मला धीर झाला नाही.

आई गेली तेव्हा तू मोठी होतीस, घरातच होतीस. तुला जे आठवत असेल ते लिही. सावकाश लिही, घाई नाही. पण तिने माझं नाव घेतलं होतं का, एवढं आधी कळव.

तुझी आत्या,
तुमू